अभ्यास पाठ : फोनवरचा बाजार कसा भरतो?



मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत एक साधा प्रश्न निघाला. एका गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या फोनमध्ये पैसे पाठवायची तीन ॲपं हायेत. तिन्हीतून पैसे जातात. मग सगळा गाव 'फोनपे कर, फोनपे कर' असंच का म्हणू लागला? गुगल पेवरून पाठवलं तरी तोंडात फोनपेच!" सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच देता आलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर वाचलं, बँकेतल्या साहेबांना विचारलं, आमच्या बँक सखीला विचारलं, आणि जे उमगलं ते या पाठात लिहिते आहे. पाठ जरा लांब आहे. गटाच्या बैठकीत एका आठवड्याला अर्धा आणि पुढच्या आठवड्याला अर्धा वाचला तरी चालेल.

आधी हळदीच्या यार्डात चला

आपल्या जिल्ह्यातल्या बाईला बाजार शिकवायची गरज नाही. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात फिरवून पॉलिश करायची, हे सगळं आपल्या अंगावरून गेलेलं आहे. पोती भरली की गाड्या हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाची वाट धरतात. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याची हळद इथं येते यात नवल नाही. पण शेजारच्या वाशीम, परभणी, नांदेडकडचे शेतकरीसुद्धा गाडीभाडं भरून इथंच येतात. का बरं येतात? तिकडं बाजार समित्या नाहीत का?

आहेत. पण शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, "तिथं खरेदीदार जास्त हायेत. बोली चढते." आता खरेदीदाराला विचारा की तू हिंगोलीलाच दुकान का मांडलंस. तो म्हणेल, "इथं माल जास्त येतो. एका दिवसात गाडी भरते." म्हणजे शेतकरी येतो खरेदीदारासाठी आणि खरेदीदार येतो शेतकऱ्यासाठी. दोघांच्या येण्यानं हमाल, काटेवाले, वाहतूकवाले, चहावाले आले. ते आल्यानं बाजार आणखी सोयीचा झाला, आणि सोयीचा झाल्यानं आणखी लोक आले. यार्डातली भिंत, पत्रे, काटा हे उद्या कुणीही दुसऱ्या गावात उभं करू शकेल. माणसांची ही गर्दी मात्र सिमेंटनं उभी राहत नाही.

जेवढे लोक जास्त, तेवढा प्रत्येकाचा फायदा जास्त, आणि म्हणून आणखी लोक येतात. याला शिकलेले लोक 'नेटवर्क इफेक्ट' म्हणतात. आपण त्याला 'जाळ्याचा गुण' म्हणू. जाळ्यात एक गाठ वाढली की नुसती एकच गाठ वाढत नाही, आधीच्या सगळ्या गाठींना तिचा उपयोग होतो.

याचं गणित आपल्या गटातच करून बघता येईल. समजा, गटात दोनच बाया आहेत आणि दोघींकडं फोन आहे. बोलण्याची जोडी एक. तिसरी आली की जोड्या तीन. पाच जणींच्या दहा जोड्या होतात. दहा जणींचा गट असेल तर पंचेचाळीस जोड्या, आणि वीस झाल्या तर एकशे नव्वद. बाया झाल्या दुप्पट, जोड्या झाल्या चौपटीहून जास्त. (हिशोब असा : जेवढ्या बाया तेवढ्याला एकानं कमी आकड्यानं गुणायचं आणि निम्मं करायचं. दहा गुणिले नऊ म्हणजे नव्वद, निम्मे पंचेचाळीस.) फोनवरची ॲपं इतक्या झपाट्यानं का वाढतात आणि मागं पडलेलं ॲप पुढं यायला इतकं का धापा टाकतं, याचं मूळ या गणितात आहे.

चांगलं असूनही बंद पडलेलं

व्हॉट्सॲप आपल्या सगळ्यांकडं आहे. आपल्या गटाचा, ग्रामसंघाचा, शाळेचा, भावकीचा, सगळे ग्रुप त्यावरच. पण आपल्या देशात तयार झालेलं 'हाईक' नावाचं असंच एक ॲप होतं, हे किती जणींना आठवतं? ते डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झालं. त्यात आपल्या देशी भाषांतली गमतीची स्टिकर होती, चॅट लपवून ठेवायची सोय होती. व्हॉट्सॲपमध्ये तेव्हा या गोष्टी नव्हत्या. २०१६ च्या सुरुवातीला त्यांनी दहा कोटी लोक जोडल्याचं सांगितलं होतं. तरी जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झालं.

मला वाटतं, यातली गोम अशी की माणूस ॲपसाठी ॲप ठेवत नाही, माणसांसाठी ठेवतो. माझी बहीण, माझा भाऊ, सीआरपी ताई, किराणावाला ज्या ॲपवर आहेत ते माझं ॲप. दुसरं कितीही देखणं असलं तरी तिथं मी एकटी जाऊन कुणाशी बोलू? हाईक बंद पडलं त्याच महिन्यात व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून देशभर नाराजी झाली होती, आणि पुष्कळ लोकांनी सिग्नल, टेलिग्राम ही ॲपं घेतली. आठ-पंधरा दिवसांत बहुतेक जण गुमान परत आले. भांडण व्हॉट्सॲपशी होतं, पण सोडावं लागणार होतं ते नात्यागोत्याला.

म्हणून जाळ्याचा गुण हा दुधारी आहे. लोक जमेपर्यंत तो ॲपवाल्याला रडवतो. जमल्यावर तो आपल्याला बांधून ठेवतो.

पैशांचा रस्ता एक, गाड्या वेगवेगळ्या

आता बैठकीतल्या ताईंच्या प्रश्नाकडं येऊ. इथं गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तीच मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र कुणी विसरली नसेल. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. त्या काळात शहरांत पेटीएमचं 'वॉलेट' जोरात होतं. वॉलेट म्हणजे फोनमधला बटवा. पण त्यात अडचण अशी होती की एका कंपनीच्या बटव्यातला पैसा दुसऱ्या कंपनीच्या बटव्यात जात नव्हता. दुकानदाराकडं पेटीएम असेल आणि माझ्याकडं दुसरं काही असेल, तर माझा पैसा मला असून नसून सारखाच. प्रत्येक कंपनी स्वतःची विहीर खणत होती आणि म्हणत होती, सगळ्या गावानं इथंच पाणी भरावं.

यूपीआय आलं आणि हे बदललं. यूपीआय हे ॲप नाही. तो बँकांना जोडणारा रस्ता आहे. तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या मुंबईतल्या संस्थेनं बांधला. ही संस्था २००८ मध्ये उभी राहिली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून ते लोकांच्या फोनवर यायला लागलं. वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, सरकारी 'भीम' ॲप आलं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलेलं आहे. फोनपेही २०१६ चंच. गुगलचं ॲप सप्टेंबर २०१७ मध्ये 'तेज' नावानं आलं आणि पुढच्या वर्षी त्याचं 'गुगल पे' झालं. पेटीएमही या रस्त्यावर आलं.

रस्ता एकच असल्यानं फोनपेवाली बाई गुगल पेवाल्या दुकानदाराला पैसे देऊ शकते. तुम्ही एसटीनं जा की काळीपिवळीनं, रस्ता हिंगोलीलाच जातो, तसं. म्हणजे जाळं कुणा एका कंपनीचं राहिलं नाही, सगळ्यांचं झालं. आणि जाळं सगळ्यांचं झाल्यामुळं ते इतकं फुगलं की ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींपेक्षा जास्त व्यवहार झाले. भाजीवाली मावशीसुद्धा पाटीला क्यूआरचं स्टिकर लावते ते याच्यामुळं.

मग कंपन्यांनी भांडायचं कशावर? गिऱ्हाईक अडवून ठेवायची सोय गेली, तेव्हा सोयी द्याव्या लागल्या. गुगलनं स्क्रॅच कार्ड दिली. आमच्या घरात पोरं त्या कार्डासाठी शेजाऱ्यांना एक-एक रुपया पाठवत होती! फोनपेनं रिचार्ज, वीजबिल, गॅस असं सगळं एका जागी आणलं. २०१८ मध्ये भारतपे नावाच्या कंपनीनं दुकानदाराला एकच क्यूआर दिला, जो कुठल्याही ॲपनं चालतो. आणि २०१९ मध्ये पेटीएमनं ती बोलणारी पेटी आणली, "अमुक रुपये प्राप्त झाले" म्हणणारी. ही मला सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. दुकानात गर्दी असताना मालकाला फोन उघडून बघायला वेळ नसतो, मालकीण वाचू शकत नसेल तर तिला मेसेज काय कामाचा? आवाज मात्र सगळ्यांना कळतो. पुढं सगळ्यांनीच पेट्या काढल्या, फोनपेनं तर अमिताभ बच्चनचा आवाज घातला.

हे सगळं फुकट कसं परवडतं, असं कुणी विचारेल. विचारलंच पाहिजे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयनं घेतलेल्या पैशावर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही, असा नियम झाला. मग कंपन्या कमावतात कशावर? बोलत्या पेटीचं महिन्याचं भाडं, काही ॲपवर रिचार्जमागं एखाद-दोन रुपये, विमा, सोनं, आणि मुख्य म्हणजे कर्ज. तुमच्या दुकानात रोज किती पैसे येतात हे ॲपला दिसतं, त्यावरून तुम्हाला कर्ज द्यायचं की नाही हे ठरतं. आपल्या गटात आपण हेच करतो, फक्त वही आपल्या हातात असते आणि व्याज आपल्यातच राहतं. ॲपमध्ये 'लगेच कर्ज' असं दिसलं की आधी गटातल्या अंतर्गत कर्जाचा दर आणि त्याचा दर शेजारी-शेजारी लिहून बघा, एवढंच इथं सांगते.

आता खरा प्रश्न. रस्ता सगळ्यांचा असूनही, देशातले दहापैकी आठ व्यवहार दोनच ॲपवरून होतात, फोनपे आणि गुगल पे. भीम ॲप गुगल पेच्या आधी आलेलं, सरकारचं, तरी मागं राहिलं. असं का?

यावर मी आमच्या गावात बारा जणींना विचारलं, "तुझ्या फोनमध्ये हे ॲप कुणी टाकलं?" नऊ जणींचं उत्तर होतं, नवऱ्यानं, पोरानं, भाच्यानं किंवा किराणावाल्यानं. आणि त्यांनी कुठलं टाकलं? त्यांच्याकडं होतं तेच. कारण ते त्यांना शिकवता येत होतं. पैसे अडकले तर कुठं दाबायचं हे विचारायला घरात कुणीतरी लागतं. रस्ता सगळ्यांचा असला तरी शिकवणारं माणूस एकाच गाडीचं असतं. म्हणजे जाळ्याचा गुण गेला नाही, तो रस्त्यावरून घरातल्या ओट्यावर येऊन बसला. वर पहिल्या दोन-तीन वर्षांत या कंपन्यांनी कॅशबॅकला पाण्यासारखा पैसा ओतला, तो भीमला ओतता आला नाही.

दोघांच्याच हातात एवढं असणं बरं नाही, हे त्या संस्थेलाही कळतं. कुठल्याही एका ॲपकडं तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत, असं तिनं नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलं. पण लोकांना बळंच दुसऱ्या ॲपवर ढकलायचं कसं? मुदत पुढं-पुढं जात ती आता ३१ डिसेंबर २०२६ वर आली आहे.

सगळ्यांचा रस्ता असण्याचा फायदा संकटात दिसतो. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. पेटीएमचं ॲप पुढं दुसऱ्या बँकांच्या आधारानं चालू राहिलं, पण त्या गडबडीत ज्या दुकानदारांना भीती वाटली त्यांनी सरळ दुसऱ्या कंपनीचं स्टिकर चिकटवलं. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. जुन्या बटव्याच्या काळात हेच झालं असतं तर धंदाच बसला असता. मोबाइल नंबरचंही तसंच बघा. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा, आणि नंबर सोडायचा म्हणजे सगळ्या ओळखी परत कळवायच्या. २०१६ मध्ये जिओ फुकट आलं आणि पुढं दर वाढत गेले, तेव्हा निदान नंबर घेऊन दुसरीकडं जायची वाट आपल्याला मोकळी होती.

आपल्यासाठी कळीचा मुद्दा हाच आहे : सोडून जाताना माझ्याबरोबर काय येतं?

आमच्या गटाची चूक

हे लिहू की नको, असा विचार दोन दिवस केला. पण गटातल्या बायाच म्हणाल्या, लिही, दुसऱ्यांचं तरी वाचेल.

आमचा अकरा जणींचा गट हळद पावडर करतो. आधी आम्ही ओळखीपाळखीत, दोन किराणा दुकानांत आणि प्रदर्शनात विकायचो. मग एकीच्या पुतण्यानं एका मोठ्या विक्री ॲपवर आमचं खातं उघडून दिलं. पहिले तीन महिने कुत्रंही फिरकलं नाही. हे साहजिकच होतं, कारण तिथं गिऱ्हाईक चांदण्या बघून घेतं, आणि चांदण्या मिळायला आधी गिऱ्हाईक लागतं. आम्ही भाव कमी केला, नातेवाइकांना घ्यायला लावलं, हळूहळू चांदण्या जमल्या. मग ऑर्डरी यायला लागल्या. पुणे, नाशिक, पार कोकणातून. आम्ही हरखून गेलो.

आणि इथंच चुकलो. दुकानांत माल देणं बंद केलं, कारण तिथं उधारी राहायची. प्रदर्शनाला जाणं बंद केलं, कारण जाण्यायेण्याचा खर्च. सगळी अंडी एका टोपलीत. दिवाळीच्या आधी ग्रामसंघाकडून तीस हजार कर्ज घेऊन हळकुंड घेतली, ऐंशी किलो पावडर दळून ठेवली. आणि त्याच आठवड्यात ॲपवरचं आमचं पान बंद! कारण इंग्रजीत, तेही पुतण्याच्या ईमेलवर, आणि पुतण्या गेलेला परीक्षेला. पाकिटावर पॅकिंगची तारीख आणि संपर्काचा नंबर नव्हता, म्हणून बंद केलं होतं. चूक आमचीच. लेबल दुरुस्त करून, फोटो पाठवून, पान परत चालू व्हायला तेवीस दिवस लागले. तोवर दिवाळी होऊन गेली.

दळलेली हळद ठेवून चांगली होत नाही, वास आणि रंग उतरत जातो. आम्ही विचार केला, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करू. कुणाला? ॲपवर चारशेच्या वर पाकिटं गेली होती आणि आमच्याकडं एकाही गिऱ्हाइकाचा नंबर नव्हता. ॲप तो दाखवत नाही. आणि आमचा नंबर पाकिटावर नव्हता, म्हणजे गिऱ्हाइकानं ठरवलं असतं तरी त्याला आम्हाला शोधता आलं नसतं. ज्या एका ओळीसाठी पान बंद पडलं, तीच ओळ आम्हाला वाचवू शकली असती. चारशे पाकिटं विकून आम्ही ॲपची ओळख वाढवली, आमची नाही.

शेवटी काय केलं? ज्या दुकानदारांना सोडलं होतं त्यांच्याकडं मान खाली घालून गेलो. एकानं घेतली, दुसऱ्यानं नाही. उरलेली जिल्ह्याच्या ठिकाणी टेबल मांडून आणि व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांना सांगून विकली. किलोमागं चाळीस रुपये कमी आले. कर्ज दोन हप्ते उशिरा फिटलं आणि ग्रामसंघाच्या बैठकीत त्याची नोंद झाली. त्या बैठकीला आमच्यापैकी चौघी आल्याच नाहीत, लाजेनं.

ॲप वाईट होतं असं मी म्हणत नाही. आजही आमचा माल तिथं आहे. पण आता आधी वही.

ज्यांचं झालं, त्यांचंही बघू

हे आपल्यासारख्या लहानांचंच होतं असं नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरी-बायांना तिथं हजारो, लाखो लोक बघत होते. एका रात्रीत ते सगळे गेले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं आपल्याकडं 'रील' सुरू केलं. त्यांनी ती रिकामी जागा बरोब्बर हेरली. पण नव्या जागी प्रत्येकीला शून्यापासून सुरुवात करावी लागली. जिनं आधीच यूट्यूबवरही थोडं काही टाकून ठेवलं होतं, ती लवकर सावरली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुम्ही पाहिल्या असतील, 'आपली आजी' या यूट्यूब चॅनलवर आपल्या गावरान पद्धतीनं स्वयंपाक दाखवणाऱ्या. नातवानं चॅनल उघडून दिला आणि तो लाखो लोकांपर्यंत गेला. २०२० मध्ये त्यांचा चॅनल कुणीतरी हॅक केला होता. काही दिवसांनी परत मिळाला. वर्षाची मेहनत अशी कुलूपबंद होणं म्हणजे काय, ते त्या घरानं बघितलं आहे.

विक्रीच्या ॲपमध्येही आपसात चढाओढ आहेच, आणि तिचा आपल्याला फायदा होतो. मीशो २०१५ मध्ये सुरू झालं. मोठ्या कंपन्यांनी शहरातलं गिऱ्हाईक धरलेलं होतं, म्हणून यांनी घरबसल्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून साड्या-कुर्ते विकणाऱ्या बायांना धरलं. म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यावर बसून आपलं जाळं विणलं! २०२१ मध्ये त्यांनी विकणाऱ्यांकडून कमिशन घेणं बंद केलं, मग इतरांनाही आपले दर बघावे लागले. सरकारचं 'ई-सरस' खास बचत गटांसाठी आहे. तिथं आपल्यासारख्यांना मान आहे, पण गिऱ्हाइकाची गर्दी मोठ्या ॲपइतकी नाही. यार्ड नवं आहे, माणसं जमायची आहेत.

यूपीआयसारखाच सगळ्यांचा रस्ता विक्रीसाठी बांधायचा प्रयत्नही सुरू आहे. त्याला ओएनडीसी म्हणतात. ही कंपनी ३१ डिसेंबर २०२१ ला नोंदली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. गिऱ्हाईक एका ॲपवर आणि विकणारी दुसऱ्या ॲपवर असली तरी सौदा व्हावा, अशी ती कल्पना आहे. पण पैशाइतकं हे सोपं नाही. शंभर रुपये कुठल्याही ॲपनं पाठवले तरी शंभरच असतात. हळद पावडर तशी नसते. रंग कसा, भेसळ आहे का, पार्सल फुटलं तर भरपाई कोण देणार, परत आलं तर भाडं कुणाचं? रस्ता सगळ्यांचा असला तरी भरवसा कुणीतरी एकानं द्यावा लागतो, आणि जो भरवसा देतो त्याच्याकडं गिऱ्हाईक वळतं.

भरवशाच्या बाबतीत आपल्या हाती एक मोठी गोष्ट आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्येच मिळालं होतं. हे नाव कुठल्या ॲपच्या मालकीचं नाही, ॲप बदललं तरी ते आपल्या मातीबरोबर येतं. मात्र ते पाकिटावर मनानं छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करावी लागते, आणि हळद त्याच भागातली असावी लागते. एकेका गटापेक्षा प्रभागसंघानं मिळून याची चौकशी केली तर सोपं जाईल.

बैठकीत करायचं काम

गटानं एक कोरी वही घ्या आणि गिऱ्हाइकांची यादी सुरू करा : नाव, गाव, फोन, काय घेतलं, कधी घेतलं. माणसाला विचारूनच नंबर लिहा, आणि तो दुसऱ्या कुणाला देऊ नका. पन्नास नावं झाली की व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करता येते. आपला नंबर ज्यांनी जतन केला असेल त्यांनाच तो मेसेज पोचतो, हे लक्षात ठेवा. म्हणून माल देताना "नंबर सेव्ह करा, ताई" म्हणायला लाजू नका.

पाकिटावरचं लेबल सगळ्यांनी मिळून तपासा. गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, एफएसएसएआय नोंदणीचा नंबर, आणि तक्रारीसाठी फोन. ऑनलाइन विकायचं तर जीएसटी लागतोच, असं पुष्कळ जणी समजतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना आपल्याच राज्यात ॲपवरून माल विकायला जीएसटी नोंदणी सक्तीची राहिलेली नाही, फक्त पोर्टलवरून एक नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर नियम वेगळा. तालुक्याच्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

ॲपचं खातं ज्या फोनवर आणि ईमेलवर आहे तो गटाचा असू द्या, पुतण्याचा नको. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडं असावा. बँकेत सही कुणाची हे आपण ठरावात लिहितो, तसंच हेही ठरावात लिहा.

एकूण मालापैकी एका ॲपवर किती द्यायचा याचा आकडा ठरवा. आमच्या गटानं निम्मा ठरवला आहे. तुमचा वेगळा असू शकेल, पण आकडा लिहिलेला असावा. नाहीतर चार ऑर्डरी आल्या की माणूस वाहवतं, हे मी अनुभवानं सांगते.

पैशांच्या ॲपबद्दल दोनच गोष्टी. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. "तुमची ऑर्डर घेतो, आधी हा क्यूआर स्कॅन करा" असं म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा आणि बँकेतही कळवा. आणि ज्या ताईंकडं साधा बटणाचा फोन आहे त्यांनी मागं राहायचं कारण नाही. *९९# दाबून किंवा २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय १२३पे या सोयीनं त्यांनाही पैसे पाठवता येतात. बँक सखीला एकदा समोर बसवून करून बघा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं तीन आकडे आणावेत : गेल्या तीन महिन्यांत एकूण किती गिऱ्हाइकांनी माल घेतला, त्यांतल्या किती जणांचा फोन नंबर गटाच्या वहीत आहे, आणि किती जण दुसऱ्यांदा आले. आमच्या गटाचे आकडे मी आधीच सांगून टाकते : एकशे बारा, सदुसष्ट आणि एकोणतीस.